व्हिंटेज गाडीतून परदेश प्रवास: उपग्रहाच्या वाटाड्याला गाडीचा स्वभाव कसा शिकवावा

व्हिंटेज गाडी घेऊन परक्या देशाच्या रस्त्यावर उतरणाऱ्याला उपग्रह-नेव्हिगेशनची गरज आधुनिक गाडीच्या चालकापेक्षा जास्त भासते. वाट चुकली तर ती सुधारण्यासाठी अशा गाडीला वेळ, पेट्रोल आणि ब्रेक हे सगळेच जास्त खर्चावे लागते. पंचाईत अशी, की याच गाडीविषयी त्या यंत्राला सर्वांत कमी माहिती असते. आपण ताशी शंभर किलोमीटरने सहज धावणारी, कुठल्याही चढावर पुन्हा सुटणारी आणि कुठेही चटकन वळणारी गाडी चालवत आहोत, असे गृहीत धरून ते रस्ता सुचवते. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणते. त्या गाड्यांना यातले एकही गृहीतक लागू पडत नाही. म्हणून या लेखातल्या सगळ्या सूचना एकाच सूत्रावर उभ्या आहेत: कोणत्या वाटेने जायचे हे गाडी ओळखणाऱ्या माणसाने आधीच ठरवावे, आणि आपण त्या वाटेवर नेमके कुठे आहोत एवढेच यंत्राला विचारावे. पुढच्या काळातल्या, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंतच्या गाड्यांनाही यातले बहुतेक सगळे लागू पडते.

आधी विजेचा हिशेब

नेव्हिगेशनची तयारी नकाशापासून सुरू होते असे वाटते. प्रत्यक्षात ती बॅटरीपासून सुरू करावी. आपल्या गाडीची विद्युत यंत्रणा ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, आणि चेसिसला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, बॅटरीचे कोणते टोक जोडलेले आहे, या दोन गोष्टी स्वतः मीटर लावून तपासाव्यात. आधीच्या मालकाने काय सांगितले यावर विसंबू नये, कारण इतक्या वर्षांत वायरिंग कोणी कधी बदलले याची नोंद सहसा नसते. अमेरिकन गाड्यांत १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टची यंत्रणा सर्रास होती, आणि अनेक ब्रिटिश गाड्यांत १९६० च्या दशकापर्यंत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असे.

आज मिळणारे गाडीचे यूएसबी चार्जर १२ ते २४ व्होल्टसाठी बनवलेले असतात. ६ व्होल्टच्या गाडीत त्यांतले बहुतेक चालतच नाहीत, किंवा स्टार्टर फिरवताना व्होल्टेज पडले की बंद पडतात. अशा गाडीसाठी आत येणारे व्होल्टेज ५ च्या वर असो वा खाली, बाहेर स्थिर ५ व्होल्टच देणारा कन्व्हर्टर लागतो. धन टोक चेसिसला असलेल्या गाडीत धोका आणखी वेगळा असतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटचे बाहेरचे धातूचे कवच ऋण असावे, अशा बेताने सगळे चार्जर बनवलेले असतात. या गाडीत ते सॉकेट तसेच डॅशबोर्डच्या पत्र्यात बसवले आणि तारा उलट जोडल्या, तर कवच आणि पत्रा यांच्यात थेट शॉर्ट सर्किट होते. सॉकेट लाकडात किंवा प्लास्टिकच्या डबीत बसवून चेसिसपासून वेगळे ठेवले, तरी फोनच्या केबलचे धातूचे टोक चुकून पत्र्याला टेकले की तोच प्रकार घडतो. अशा गाडीत आतली आणि बाहेरची बाजू विजेच्या दृष्टीने पूर्णपणे अलग ठेवणारा कन्व्हर्टर वापरावा, आणि त्याच्या आधी, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, स्वतंत्र फ्यूज घालावा. कापडी वेष्टणाच्या जुन्या तारांवर नवीन भार कधीच जोडू नये.

आता भार किती पडतो ते पाहू. पडदा सतत चालू ठेवून चार्ज होणारा फोन साधारण १० वॅट घेतो, म्हणजे ६ व्होल्टच्या यंत्रणेतून कन्व्हर्टरमधली घट धरून जवळजवळ २ अँपियर. हा आकडा किरकोळ वाटतो, पण डायनॅमो इंजिनाच्या संथ फेऱ्यांवर बॅटरीला काहीच देत नाही. स्वीडन आणि नॉर्वेसारख्या देशांत दिवसाही हेडलाइट लावून गाडी चालवण्याचा नियम आहे. तिथे शहरातल्या रांगेत अर्धा तास गेला की अँमीटरचा काटा उणे बाजूला रेंगाळत राहतो आणि फोनचे ते २ अँपियरही जाणवू लागतात.

या सगळ्यावर माझा सल्ला साधा आहे: गाडीच्या वायरिंगला हात न लावता पॉवर बँकेवर भिस्त ठेवावी. २०,००० मिलिअँपियर-तासांची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तास ऊर्जा साठवते, आणि त्यातली घट वजा केली तरी एका दिवसाच्या प्रवासाला ती पुरते. अशा दोन असाव्यात. एक वापरात आणि एक राखीव, आणि दोन्ही रात्री मुक्कामी चार्ज कराव्यात. गाडी जहाजाने पाठवून स्वतः विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि १०० वॅट-तासांपेक्षा मोठी असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. गाडीतून वीज घेण्याची सोय करायचीच असेल तर ती पॉवर बँक भरण्यासाठी करावी, म्हणजे स्टार्टर फिरवताना होणारी व्होल्टेजची चढउतार थेट नेव्हिगेशन यंत्रापर्यंत पोहोचत नाही.

यंत्र कोणते आणि बसवायचे कुठे

बंद छताच्या गाडीत चांगला फोन पुरतो. उघड्या गाडीत मात्र मोटारसायकलसाठी बनवलेले स्वतंत्र नेव्हिगेशन यंत्र मला जास्त विश्वासाचे वाटते, कारण ते पावसात चालते, हातमोजे घालून वापरता येते आणि उन्हात त्याचा पडदा वाचता येतो. फोनच्या पडद्यावर पावसाचे थेंब पडले की त्याला ते बोटांचे स्पर्श वाटतात, आणि नकाशा आपोआप सरकू लागतो. उन्हाचा त्रास याहून मोठा असतो. बहुतेक फोन सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत नीट चालतील असे बनवलेले असतात. उघड्या गाडीत वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग असा दुहेरी मारा झाला की फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो आणि शेवटी बंद पडतो. सूर्य समोर असताना यंत्र डॅशबोर्डच्या सावलीत राहील अशी जागा त्यासाठी शोधावी.

होल्डर बसवताना गाडीला नवीन भोक पाडू नये, हे कोणत्याही व्हिंटेज गाडीच्या मालकाला सांगावे लागत नाही. सपाट काचेवर रबरी चकती चांगली चिकटते, पण दुमडणारी काच कंपनाने हलते आणि चकती सुटते. डॅशबोर्डच्या खालची कड, स्टिअरिंग कॉलम किंवा काचेची चौकट यांवर चामड्याचा तुकडा घालून स्क्रूने घट्ट करायची पकड बसवणे उत्तम. स्टिअरिंग कॉलमवर इंजिनाची कंपने जास्त पोहोचतात. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना सूचना दिली होती, की शक्तिशाली मोटारसायकल इंजिनांच्या जोरदार कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्याची प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. कडक पात्यांच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या गाडीतही हाच सावधपणा बाळगून कंपने शोषणारा रबरी जोड घालावा. यंत्र चालकाच्या नजरेच्या रेषेत रस्ता झाकणारे नसावे. अनेक देशांत तो कायद्याचाही प्रश्न असतो.

बसवून झाल्यावर घरीच एक चाचणी घ्यावी. उपग्रहांच्या संकेतांची ताकद दाखवणारे ॲप उघडावे, आधी इंजिन बंद ठेवून आकडे पाहावेत, मग इंजिन सुरू करून, आणि मग चार्जर जोडून. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांचा संकेत जमिनीवर येईपर्यंत अत्यंत क्षीण झालेला असतो. इंजिनासाठी ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोतून आणि प्लगच्या साध्या तांब्याच्या तारांतून रेडिओलहरींचा गोंगाट पसरतो. पण माझ्या मते पहिला संशय स्वस्त चार्जरवर घ्यावा, कारण अशा कन्व्हर्टरमधून निघणारा गोंगाट यंत्राच्या अगदी शेजारी असतो. चार्जर काढल्यावर आकडे सुधारले तर चार्जर बदलावा. इंजिन बंद केल्यावर सुधारले तर यंत्र इंजिनापासून दूर सरकवून पाहावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर प्लगना रोधक असलेल्या टोप्या लावाव्यात.

वाट घरीच आखावी

या सगळ्या कामात खरा वेळ इथे द्यायचा असतो. एक दिवसाच्या प्रवासासाठी मी नकाशासमोर किमान तासभर बसण्याची शिफारस करतो.

सुरुवात मोठे महामार्ग वगळण्यापासून करावी. इथे आवडीइतकाच नियमाचाही प्रश्न आहे. जर्मनीत ऑटोबानवर जाण्यासाठी गाडीची रचनेनुसार कमाल गती ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त असावी लागते, आणि स्वित्झर्लंडच्या महामार्गांवर गाडी ताशी ८० गाठू शकणारी असावी लागते. तेवढी गती गाठू शकणाऱ्या गाडीनेही जड ट्रकांच्या रांगेत तासन्‌तास त्याच गतीने धावावे, असे मला वाटत नाही. मात्र ‘महामार्ग टाळा’ आणि ‘टोल टाळा’ ही बटणे दाबली म्हणजे काम झाले, असे समजू नये. ती बटणे दाबली की यंत्र कधीकधी मुख्य रस्ता सोडून शेतातल्या अरुंद वाटा, गावांच्या मधल्या गल्ल्या आणि खडे घाट सुचवते, कारण महामार्ग वगळल्यावरही त्याची धाव मिनिटे वाचवण्याकडेच असते. आपल्याला हवा असतो तो मधला रस्ता: दुहेरी, पक्का, मध्यम चढाचा आणि मधूनमधून गावे असलेला. तो बहुतेक वेळा महामार्ग होण्याआधीचा जुना राजरस्ता असतो, आणि आपली गाडी नवी होती तेव्हा ती अशाच रस्त्यांवर धावत होती.

हा रस्ता शोधण्यासाठी कागदी नकाशासारखे साधन नाही. मिशलँ या फ्रेंच कंपनीचे १:२,००,००० प्रमाणाचे नकाशे, ज्यांत १ सेंटीमीटर म्हणजे २ किलोमीटर, या कामासाठी फार उपयोगी आहेत. त्यांत निसर्गरम्य रस्त्याला हिरवी कड असते, आणि चढ बाणांच्या टोकांनी दाखवलेला असतो: एक टोक म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३ टक्के, तीन म्हणजे त्याहून जास्त, आणि टोक चढाच्या दिशेला. चढाची ही माहिती फोनच्या साध्या नकाशावर एका नजरेत दिसत नाही. तीन टोकांचा उतार कागदावर दिसला की केबलचे ब्रेक असलेल्या गाडीच्या मालकाने दुसरी वाट पाहावी.

घाटांच्या बाबतीत फक्त अंतर पाहू नये. इटलीतला स्टेल्व्हिओ घाट २,७५७ मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या ईशान्येच्या बाजूला ४८ नागमोडी वळणे आहेत. तेवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे चौथ्या हिश्शाने कमी असते. कार्ब्युरेटरचे मिश्रण पेट्रोलने जड होते, इंजिनाची ताकद घटते, आणि रेडिएटरमधले पाणी कमी तापमानाला उकळते. नेव्हिगेशन यंत्र हा रस्ता मिनिटांत मोजते. आपण तो रेडिएटर, ब्रेकची पट्टी आणि थांबायच्या जागा यांत मोजावा. वाट आखताना तिचा उंचीचा आलेख काढावा, सलग चढ किती किलोमीटरचा आहे ते पाहावे आणि त्यात थांबण्याच्या दोन-तीन जागा आधीच खुणावून ठेवाव्यात. उंच घाट हिवाळ्यात बंद असतात आणि ते उघडण्याची तारीख दरवर्षी बर्फावर ठरते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी घाट उघडा असल्याची खातरजमा करावी.

वाट पक्की झाली की ती यंत्रात भरायची, आणि इथे पुष्कळ जणांची फसगत होते. वाटांची देवाणघेवाण करण्यासाठी जीपीएक्स नावाची फाइल वापरतात, आणि तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. ‘वेपॉइंट’ म्हणजे एकटे ठिकाण. ‘रूट’ म्हणजे ठिकाणांची क्रमवार यादी, जिच्या मधला रस्ता यंत्र स्वतःच्या बुद्धीने जोडते. ‘ट्रॅक’ म्हणजे थेट काढलेली रेघ, जिच्यात शेकडो बिंदू असतात आणि जी यंत्र बदलत नाही. आपण संगणकावर कष्टाने आखलेली वाट ‘रूट’ म्हणून यंत्रात टाकली, तर यंत्र आपल्या नकाशानुसार आणि आपल्या पसंतीच्या बटणांनुसार तिची पुन्हा मांडणी करते. मग तुम्ही सोडून दिलेला महामार्ग दोन बिंदूंच्या मधून पुन्हा डोके वर काढतो. त्यामुळे दोन्ही स्वरूपे यंत्रात ठेवावीत: वळणांच्या सूचनांसाठी रूट, आणि त्याखाली ठळक रंगात ट्रॅक. दोघांची फारकत झालेली दिसली, की ट्रॅकचे ऐकावे. रूटचे मधले बिंदू नेहमी रस्त्याच्या सरळ भागावर, चौकापासून थोडे पुढे ठेवावेत. बिंदू चौकातच किंवा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला पडला, तर यंत्र तुम्हाला तिथे स्पर्श करून परत फिरायला सांगते, आणि मोठ्या वळणत्रिज्येच्या गाडीला ते परत फिरणे महागात पडते.

नकाशे यंत्रात उतरवून घ्यावेत. ‘ऑरगॅनिक मॅप्स’ आणि ‘ओएसएमअँड’ ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर इंटरनेटशिवाय चालतात. गूगल मॅप्समध्येही नकाशाचा तुकडा उतरवून घेता येतो, पण त्याला मुदत असते आणि इंटरनेट नसताना वाहतुकीची ताजी माहिती मिळत नाही. उतरवल्यावर फोन विमान-मोडमध्ये टाकून, स्थान-सेवा चालू ठेवून, पूर्ण वाट एकदा उघडून पाहावी. जिथे नकाशा कोरा दिसतो तिथे तो उतरलेला नाही, हे घरीच कळते.

अक्षांश-रेखांशांची एक चूक

खेड्यातले गॅरेज, मित्राने सुचवलेला पेट्रोलपंप किंवा रात्रीच्या मुक्कामाचे शेतघर यांचे पत्ते परक्या भाषेत असतात आणि एकाच नावाची अनेक गावे असतात. म्हणून अशी ठिकाणे अक्षांश-रेखांशांनी नोंदवावीत. फक्त त्यांची लिहिण्याची पद्धत तपासावी. स्टेल्व्हिओच्या माथ्याचा अक्षांश दशांश अंशांत ४६.५२८६ आहे, तोच अंश आणि मिनिटांत ४६ अंश ३१.७१६ मिनिटे असा लिहितात. कोणी दुसरी पद्धत पहिली समजून यंत्रात ४६.३१७१६ असे भरले, तर ठिकाण सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते, आणि नकाशावर तेही डोंगरातच दिसत असल्याने संशयही येत नाही. चीनमध्ये जाणाऱ्यांसाठी वेगळी अडचण आहे: तिथले अधिकृत नकाशे जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीपेक्षा मुद्दाम सरकवलेल्या निर्देशांकांवर बनवलेले असतात, त्यामुळे बाहेरून आणलेला ट्रॅक तिथल्या नकाशावर रस्त्यापासून काहीशे मीटर बाजूला दिसू शकतो.

वेळेचा गुणक

यंत्र पोहोचण्याची जी वेळ दाखवते ती आपल्यासाठी नसते. ती आपली करून घ्यायची रीत सोपी आहे. पहिल्या दोन दिवसांत निघताना यंत्राने दाखवलेला वेळ लिहून ठेवावा आणि गाडी प्रत्यक्ष चालत असलेला वेळ संध्याकाळी मोजावा. यंत्र ४ तास म्हणाले आणि चाके साडेपाच तास फिरली, तर आपला गुणक सुमारे १.४ झाला. सपाट प्रदेशासाठी एक आणि डोंगराळ प्रदेशासाठी एक असे दोन गुणक काढावेत. दोहोंत बराच फरक पडतो. तेल पाहणे, पाणी भरणे, चौकशीला थांबलेल्या लोकांशी बोलणे याचा वेळ वेगळा धरावा. काही यंत्रांत गाडीची सरासरी गती स्वतः भरता येते. ती सोय असेल तर तिथे खरे आकडे भरावेत, म्हणजे अंधार पडण्याआधी मुक्काम गाठता येईल की नाही हे दुपारीच कळेल. क्षीण दिव्यांच्या गाडीला ही माहिती फार मोलाची असते.

सीमा आणि कायदे

परदेशी नोंदणीची गाडी अनेकदा ‘कार्नेट’वर, म्हणजे तात्पुरत्या सीमाशुल्क-मुक्त आयातीच्या कागदांवर आलेली असते. युरोपीय संघ सीमाशुल्काच्या दृष्टीने एकच प्रदेश आहे, पण स्वित्झर्लंड त्यात नाही. यंत्राने सुचवलेली दहा किलोमीटरची जवळची वाट जर एखाद्या चौकीदार नसलेल्या छोट्या नाक्यावरून स्विस हद्दीत शिरत असेल, तर गाडी संघाबाहेर गेली आणि कार्नेटवर शिक्का मात्र नाही, अशी अवस्था होते. आणि गाडी परत नेताना त्याचे उत्तर द्यावे लागते. क्रोएशियाच्या किनाऱ्याने दक्षिणेला जाताना रस्ता नेउम गावापाशी बोस्नियाच्या हद्दीतून जातो. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाच पूल उघडल्यापासून ती हद्द टाळता येते, पण यंत्राने कोणती वाट निवडली आहे हे आपणच पाहायचे. वाट आखताना ती कुठल्या देशांना स्पर्श करते याची यादी करून प्रत्येकासाठी विमा, कार्नेट आणि रस्त्याचा परवाना तपासावा. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात महामार्गांसाठी ‘विन्येत’, म्हणजे रस्ता वापरण्याची शुल्कपावती, लागते. थोडेसे अंतर जरी महामार्गावरून गेलात तरी ती असावीच लागते.

शहरांचे प्रवेशनिर्बंध यंत्राला नेहमी ठाऊक नसतात. इटलीतल्या अनेक जुन्या शहरांच्या गाभ्यात परवानगी नसलेल्या गाड्यांना बंदी असते आणि प्रवेशावर कॅमेरे असतात. यंत्र हॉटेलपर्यंतची वाट सरळ त्या क्षेत्रातून दाखवते आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. प्रदूषण-नियंत्रण क्षेत्रांत ऐतिहासिक वाहनांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, पण परदेशी गाडीला ती आपोआप मिळेल असे धरू नये. आधी नोंदणी करावी लागते का ते त्या शहराच्या अधिकृत पानावर पाहावे.

यंत्राच्या दोन सोयी सीमा ओलांडण्याआधी तपासाव्यात. पहिली, वेग-कॅमेऱ्यांची सूचना. फ्रान्समध्ये २०१२ पासून कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणारी यंत्रणा वापरण्यास बंदी आहे, जर्मनीत चालकाला ती सोय वापरता येत नाही आणि स्वित्झर्लंडचा नियम आणखी कडक आहे. आपली गाडी वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता कमी असली तरी यंत्रातली ती सोय दंडाला पुरेशी असते, म्हणून ती बंद करावी. दुसरी, इअरफोन. उघड्या गाडीत वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात सूचना ऐकू येत नाहीत, म्हणून चालकाला कानात इअरफोन घालावासा वाटतो; फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून चालकाला त्याची मनाई आहे. चालकाने कान मोकळे ठेवावेत आणि सूचना शेजारच्या सोबत्याकडून घ्याव्यात.

प्रत्यक्ष रस्त्यावर

सोबती असणे हीच या प्रवासातली सर्वांत चांगली नेव्हिगेशन यंत्रणा आहे, असे माझे ठाम मत आहे. यंत्र त्याच्या हाताशी असावे, कागदी नकाशा त्याच्या मांडीवर, आणि चालकाने फक्त त्याचे ऐकावे. ताशी ६० किलोमीटर गतीला ३०० मीटर अंतर १८ सेकंदांत संपते. त्या अठरा सेकंदांत सिंक्रोमेश (गिअर आपोआप जुळवून घेणारी रचना) नसलेल्या गिअरबॉक्सवर दोनदा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा, ब्रेकने गती आवरायची आणि मागच्यांना हाताने इशारा द्यायचा असतो. म्हणून वळणाची सूचना अर्धा किलोमीटर आधी द्यावी, आणि ती तीन भागांत असावी: किती अंतरावर, कोणत्या बाजूला, आणि तिथे ओळखीची खूण काय. गोल चौकात यंत्राने सांगितलेला कितवा फाटा हा आकडा सोबत्याने मोठ्याने मोजावा. उजव्या स्टिअरिंगची गाडी उजव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशात चालवताना डाव्या वळणाचा हाताचा इशाराही सोबत्यालाच द्यावा लागतो, आणि पुढच्या वाहनाला ओलांडता येईल का हे तोच पाहू शकतो.

वाट चुकली की यंत्राचा ताबडतोब नवा मार्ग काढण्याचा स्वभाव असतो, आणि तो बंद करून ठेवावा. चुकलेल्या फाट्यानंतर ते पहिल्या मिळेल त्या गल्लीत वळायला सांगते, आणि तीच गल्ली नेमकी खड्या चढाची, एकाच गाडीपुरती रुंद असू शकते. तिथे हँडब्रेकवर गाडी तोलून पुन्हा सुटणे क्लचला परवडत नाही. फाटा चुकला तर सरळ जात राहावे, सपाट आणि रुंद जागा मिळाली की थांबावे, आणि मग सोबत्याने नकाशावर पाहून ठरवावे. काही किलोमीटर जास्त झाले तरी चालतील.

पेट्रोलचा हिशेबही नेव्हिगेशनच्या कामात धरावा. कित्येक गाड्यांत पेट्रोलचा काटा नसतो किंवा भरवशाचा नसतो. टाकी भरल्यावर यंत्राचा अंतरमापक शून्यावर आणावा आणि खात्रीच्या पल्ल्याच्या दोन-तृतीयांश अंतरावर पंप शोधायला सुरुवात करावी. स्पीडोमीटर मैलांत असेल किंवा त्याचा काटा थरथरत असेल, तर सरळ रस्त्यावर उपग्रहाने मोजलेली गती त्याहून विश्वासार्ह असते.

संकेत हरवला तर

गाडी जहाजाने किंवा आपण विमानाने दूरच्या देशात आल्यावर पहिल्या दिवशी यंत्राला जागा सापडायला वेळ लागू शकतो. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची अचूक माहिती दर ३० सेकंदांनी पाठवतो, पण सगळ्या उपग्रहांचे ढोबळ पंचांग पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. फोनला इंटरनेट असेल तर तो ही माहिती तिथून चटकन उचलतो. स्वतंत्र यंत्र मात्र उघड्या आकाशाखाली पंधरा मिनिटे स्थिर ठेवून मगच निघावे.

आधुनिक गाडीतले अंगभूत नेव्हिगेशन बोगद्यात चाकांच्या फेऱ्या मोजून अंदाज बांधते. आपल्या गाडीतल्या फोनला चाकांची काहीच खबर नसते. स्वित्झर्लंडमधला गॉटहार्डचा रस्ता-बोगदा १६.९ किलोमीटरचा आहे. त्यातून बाहेर आल्यावर यंत्राला जाग येईपर्यंत पहिला फाटा निघून गेलेला असू शकतो, म्हणून बोगद्यानंतरचे पहिले वळण आत शिरण्याआधीच तोंडपाठ करावे. ज्या गाडीचे इंजिन तापते तिने असा बोगदा घेऊच नये. उन्हाळ्यात वरून जाणारा जुना घाट उघडा असतो. युद्धाच्या छायेतल्या प्रदेशांत उपग्रहसंकेत मुद्दाम बिघडवले जातात: २०२४ मध्ये इस्राएलमधल्या अनेक फोनना आपण बैरूतमध्ये आहोत असे दिसत होते. बिंदू अचानक दुसऱ्या शहरात उडाला तर यंत्र बंद करून कागदी नकाशा आणि रस्त्यावरच्या पाट्या यांवर यावे. प्रत्येक दिवसाची वाट गावांच्या नावांनी आणि रस्त्यांच्या क्रमांकांनी एका कागदावर लिहून ठेवली असेल, तर हा बदल निम्म्या मिनिटात होतो.

दिवस संपताना

उघड्या गाडीतून उतरताना यंत्र आणि होल्डर दोन्ही काढून न्यावेत. मागे उरलेला होल्डरही चोराला खुणावतो. मुक्कामी पोहोचल्यावर त्या दिवशी प्रत्यक्ष नोंदला गेलेला ट्रॅक जपून ठेवावा आणि तो आखलेल्या ट्रॅकवर ठेवून पाहावा. जिथे दोघे वेगळे झाले तिथे का झाले, हे सोबत्याबरोबर बसून लिहावे: रस्ता बंद होता, सूचना उशिरा आली, की चढ अपेक्षेपेक्षा खडा निघाला. पाणी किती किलोमीटरनंतर उकळायला लागले आणि टाकीत किती पेट्रोल मावले, हेही त्याच पानावर यावे. मग उद्याची वाट उघडावी, आज काढलेल्या गुणकाने तिचा वेळ पुन्हा मोजावा, जास्त झाला तर एक घाट कमी करावा, आणि पॉवर बँका चार्जिंगला लावून झोपावे.